वजन, वारा आणि टायर: बेंटली कॉन्टिनेंटल कशी घडली

१९५२ साली ब्रिटनमध्ये एकही मोटरवे नव्हता. साखर आणि मांस रेशनवर मिळत होतं, पेट्रोलचं रेशनिंग उठून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि जो कारखाना माल परदेशात विकून चलन आणेल त्याला पोलाद आधी, असं सरकारी धोरण होतं. अशा दिवसांत बेंटलीने दोन दारांची एक गाडी आणली. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन ती ताशी १६० किलोमीटरने निवांत धावत राहायची, आणि चालवणाऱ्याने मनावर घेतलं तर १८५च्या पुढे जायची. तिचं नाव आर-टाइप कॉन्टिनेंटल. सुरुवातीला ती फक्त निर्यातीसाठी होती. ज्या देशात ती बनत होती, तिथल्या गिऱ्हाइकाला ती मिळत नव्हती.

त्यानंतर पन्नास वर्षांनी बेंटलीने कॉन्टिनेंटल जीटी काढली. मागच्या चाकावरचा भरदार फुगवटा आणि मागे उतरत जाणारं छप्पर पाहून दोघींचं नातं कुणालाही ओळखता येतं. पण मला या दोन गाड्यांमधलं साम्य तेवढंसं महत्त्वाचं वाटत नाही. दोघींनी एकच कोडं सोडवलं आणि अगदी उलट्या वाटांनी सोडवलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कोडं असं आहे. शर्यतीच्या गाडीला प्रचंड वेग लागतो, पण तिथे मध्येच थांबून टायर बदलता येतात, आणि चालकाच्या पाठीची काळजी कुणी करत नाही. घरगुती गाडीला आराम लागतो, पण तिचा वेग बेताचा असतो. ग्रँड टूरर या प्रकाराला दोन्ही हवं असतं. सकाळी पॅरिसहून निघायचं, संध्याकाळी भूमध्य समुद्राच्या काठी उतरायचं, आणि उतरताना माणसं थकलेली नसावीत. म्हणजे मोठा वेग एकदा गाठून भागत नाही, तो तासन्‌तास सांभाळावा लागतो. आणि मोठा वेग सांभाळायचा म्हटलं की कोणता भाग आधी दम सोडेल हे आधी सांगता येत नाही. कधी इंजिनातलं बेअरिंग, कधी तेल, कधी टायर.

बेंटलीला हे १९३०च्या दशकात कळलं. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली कंपनी ल माँची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकूनही बुडाली होती आणि १९३१ मध्ये रोल्स-रॉइसने ती विकत घेतली होती. नव्या मालकाच्या डर्बीच्या कारखान्यातून निघणाऱ्या बेंटली शांत आणि चपळ होत्या. इंग्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर त्यांना काही त्रास नव्हता, कारण तिथे दर दोन मिनिटांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावाच लागतो आणि इंजिनाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मग जर्मनीत आउटोबान, म्हणजे न थांबता धावता येतील असे महामार्ग, बांधले गेले. तिथे पाय खाली दाबून अर्धा-पाऊण तास तसाच ठेवता येऊ लागला आणि इंजिनं तापून त्यांची बेअरिंगं जायला लागली. उपाय म्हणून १९३८ मध्ये सव्वाचार लिटरच्या बेंटलीला ओव्हरड्राइव्ह दिला गेला. वेग तोच राहतो, पण इंजिन कमी फेरे मारतं. पुढच्या गोष्टीतला एक मोठा धडा इथेच मिळाला.

दुसरा धडा फ्रान्समधून आला. पॅरिसमध्ये राहणारे आंद्रे एम्बिरिकोस यांनी सव्वाचार लिटरच्या बेंटलीवर वाऱ्याला कमी अडवणारी बॉडी बांधून घेतली. तिचा आराखडा जॉर्ज पोलँ यांचा आणि बांधणी मार्सेल पूर्तू यांची. पोलँ हे पेशाने दंतवैद्य. गाडीचं पत्र्याचं छप्पर डिकीत सरकवण्याची कल्पनाही त्यांचीच. ही गाडी १९३९ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर एका तासात ११४ मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे १८४ किलोमीटर धावली. मुळातली चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा आणि यंत्रणा, नेहमीचीच होती. फरक पडला होता तो मुख्यतः बॉडीच्या आकाराने. रोल्स-रॉइसच्या इंजिनिअरांनी हे पाहिलं आणि पोलँ यांच्याच रेषांवर कॉर्निश नावाची स्वतःची गाडी तयार केली. फ्रान्समध्ये चाचणी घेताना तिला अपघात झाला. दुरुस्त केलेली बॉडी डिएप बंदरात इंग्लंडला जायची वाट पाहत पडली होती, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. पोलँ ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी काम करत होते. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या. बेंटलीच्या इतिहासात त्यांचं नाव आणखी मोठ्या अक्षरांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

युद्धानंतर कंपनी मोटारी बनवायला इंग्लंडमधल्या क्रू या शहरातल्या कारखान्यात आली. हा कारखाना मर्लिन विमान इंजिनांसाठी उभारलेला होता. १९४६ च्या मार्क सिक्सला पहिल्यांदाच कंपनीने स्वतः तयार पोलादी बॉडी दिली. गाडी मजबूत आणि उत्तम होती, पण उंच, चौकोनी आणि जड. याच चासीवर युद्धात अर्धवट राहिलेलं काम पुन्हा हातात घ्यायचं ठरलं. इंजिनिअर होते आयव्हन एव्हर्नडन, रेखाटनं जॉन ब्लॅचली यांची, आणि बॉडी बांधायचं काम लंडनमधल्या चिझिक इथल्या एच. जे. मलिनर कंपनीकडे. कारखान्यात या प्रकल्पाला ‘कॉर्निश दोन’ म्हणत.

इथे खरी अडचण समोर आली ती टायरची. वेगवान गाडी म्हटलं की आपण इंजिनाकडे बघतो, म्हणून हे जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे.

टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो गाडीच्या भाराने चपटा होतो. चाक फिरलं की तो भाग वर जाऊन पुन्हा गोल होतो आणि शेजारचा भाग चपटा होतो. लोखंडाची तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी ती गरम होते, तसंच रबर आणि आतलं कापड दर फेऱ्याला तापतं. ताशी १८५ किलोमीटरला त्या काळच्या मोठ्या चाकाचे सेकंदाला वीसहून अधिक फेरे होतात. भार जास्त तर वाकणं जास्त, वेग जास्त तर वाकण्याची संख्या जास्त. दोन्ही एकत्र आले की उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, रबर मऊ पडतं आणि वरचा थर सुटून उडू लागतो. १९५१ मध्ये मिळणाऱ्या ट्यूबवाल्या टायरांचा हिशेब केल्यावर निष्कर्ष निघाला तो असा: ताशी १८५ किलोमीटर टिकवून धरायचे असतील, तर गाडीचं वजन सुमारे १,७०० किलोंच्या वर जाऊन चालणार नाही.

म्हणजे गाडीचं वजन ठरलं ते टायरने. इंजिन कितीही दमदार लावता आलं असतं, तरी जड गाडी त्या वेगाला धोक्याचीच ठरली असती. मग ग्रॅमाग्रॅमची काटकसर सुरू झाली. बॉडीचा सांगाडा पूर्वीसारखा लाकडाचा न करता हलक्या मिश्रधातूचा केला, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला. खुर्च्यांचे सांगाडे, काचांच्या चौकटी, बंपरसुद्धा हलक्या धातूचे. रेडिओ नाही. बेंटलीसारख्या गाडीत रेडिओ नाकारायला धीर लागतो, आणि एव्हर्नडन यांच्याकडे तो होता.

दुसरा शत्रू वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाप्रमाणे. ताशी १५० वरून १९० वर जायचं, तर वेग पाव पटीनेच वाढतो, पण नुसत्या हवेशी झगडायला दुप्पट शक्ती लागते. म्हणून आकाराचं मोल मोठं. गाडीच्या प्रतिकृती नॉटिंगहॅमजवळच्या हकनॉल इथे रोल्स-रॉइसच्या विमान चाचणी केंद्रातल्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्या गेल्या. समोरची काच तिरकी झाली, रेडिएटर थोडा खाली आला, आणि छप्पर एका लांब उतारात शेपटापर्यंत नेलं. या उताराचं कारण हे की चौकोनी गाडीच्या पाठीमागे हवा अचानक सुटते, भोवरे होतात, तिथला दाब कमी पडतो आणि तो कमी दाब गाडीला मागे खेचतो. उतार हळूहळू निमुळता केला की हवा अंगालगत वाहत जाते आणि मागची ओढ कमी होते.

पण अशा गाडीला आडवा वारा लागला की ती भरकटू शकते. म्हणून मागच्या मडगार्डांना किंचित उंच कडा दिल्या. विमानाच्या किंवा बाणाच्या शेपटाचं जे काम, तेच या कडांचं: वाऱ्याचा धक्का मागच्या बाजूला घेऊन नाक सरळ ठेवायचं. आज फोटोत त्या कडा नुसत्या शोभेच्या वाटतात. माझ्या मते या गाडीचं सौंदर्य खरं इथेच आहे. जी रेष आपण डौलदार म्हणून पाहतो, ती आधी उपयोगी होती.

इंजिन मात्र जवळजवळ जुनंच. सरळ रांगेतले सहा सिलिंडर, ४,५६६ सीसी. कॉम्प्रेशन वाढवलं, कार्ब्युरेटर मोठे लावले, धूर बाहेर सोडायचा मार्ग मोकळा केला. अश्वशक्ती किती हे कंपनीने जाहीर केलं नाही, तशी तिची प्रथाच होती. मोठा बदल मागच्या ॲक्सलमध्ये होता. नेहमीच्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्यासाठी वरच्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३.७३ फेरे मारत असे, कॉन्टिनेंटलमध्ये ३.०८. म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे १७ टक्क्यांनी कमी. आउटोबानवर बेअरिंगं घालवून शिकलेला धडा तो हाच. जड आणि चौकोनी गाडीला असा लांब गिअर ओढता आला नसता. हलकी आणि निसरडी गाडी तो सहज ओढत होती. वजन, आकार आणि गिअर या तिन्ही गोष्टी एकमेकांच्या आधाराने उभ्या होत्या. त्यातली एक काढली असती तर बाकीच्या दोन कोसळल्या असत्या.

पहिली नमुना गाडी १९५१ मध्ये रस्त्यावर आली. तिचा नंबर ओएलजी ४९०, म्हणून सगळे तिला लाडाने ओल्गा म्हणू लागले. पॅरिसजवळच्या माँलेरीच्या उंच कडांच्या ट्रॅकवर पाच फेऱ्यांची तिची सरासरी ताशी ११८.७५ मैल आली, म्हणजे १९१ किलोमीटर. पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं आणि १९५५ पर्यंत ओल्गा धरून २०८ गाड्या झाल्या. त्यातल्या १९३ गाड्यांची बॉडी मलिनरची, उरलेल्या पार्क वॉर्ड, फ्रान्सचे फ्राने, स्वित्झर्लंडचे ग्राबर आणि इटलीचे फारिना यांच्या. चार माणसांना नेणाऱ्या त्या काळच्या सर्वांत वेगवान गाड्यांमध्ये तिची गणना होत असे.

मग गिऱ्हाइकांनी आपलं म्हणणं मांडलं. एवढे पैसे मोजायचे आणि खुर्ची पातळ? रेडिओ नको कसा? बंपर जरा भक्कम द्या. एकेक मागणी वाजवीच होती, पण गाडी हळूहळू जड होत गेली, आणि १९५४ मध्ये इंजिन ४,८८७ सीसीचं करावं लागलं. आलिशान गाड्यांचा पुढचा सगळा इतिहास मला या दोन वर्षांत दिसतो. वजन वाढतं, ते लपवायला शक्ती वाढवतात, आणि शक्ती वाढली की वजन वाढवायला पुन्हा मोकळीक मिळते.

पुढची चार दशकं थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये एस मालिका आली, १९५९ मध्ये व्ही८ इंजिन आलं, आणि १९६५ पासून बेंटली म्हणजे जवळपास रोल्स-रॉइसच, फक्त समोरची जाळी वेगळी, अशी अवस्था झाली. १९८२ च्या टर्बोने नावाला पुन्हा जोर दिला. १९९१ मध्ये कॉन्टिनेंटल आर आली, तेव्हा बऱ्याच वर्षांनी बेंटलीला पुन्हा स्वतःचं असं वेगळं अंग मिळालं.

१९९८ मध्ये मालकी बदलली आणि ती कथा विचित्रच आहे. तेव्हा मालक असलेल्या विकर्स कंपनीने क्रूचा कारखाना आणि दोन्ही मोटारींचा व्यवसाय फोक्सवॅगनला ४३ कोटी पौंडांना विकला. पण मोटारीसाठी रोल्स-रॉइस हे नाव वापरण्याचा हक्क विमान इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होता आणि तिने तो बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांना दिला. शेवटी वाटणी झाली. २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूकडे, बेंटली आणि क्रू फोक्सवॅगनकडे. एका नव्या गाडीने बेंटलीला स्वतःच्या पायावर उभं करणं आता भागच होतं.

ती गाडी म्हणजे २००३ ची कॉन्टिनेंटल जीटी. मुख्य इंजिनिअर उलरिख आइखहॉर्न, डिझाइनचे प्रमुख डर्क व्हान ब्राकेल. दिसायला प्रेरणा आर-टाइपची, खालची रचना मात्र फोक्सवॅगनच्या फेटन या मोठ्या गाडीशी वाटून घेतलेली. त्यावरून तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली. मला ते रास्त वाटत नाही. आर-टाइप कॉन्टिनेंटलसुद्धा कंपनीच्या साध्या गाडीच्या चासीवरच उभी होती.

हिचं इंजिन समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या व्ही इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा मोठ्या कोनात पसरलेल्या असतात. फोक्सवॅगनने आधी एक अरुंद व्ही बनवलं होतं, त्यात दोन रांगांमध्ये फक्त १५ अंश, त्यामुळे सहा सिलिंडर जवळजवळ एकमेकांत गुंफल्यासारखे बसतात. अशा दोन जोड्या ७२ अंशांच्या कोनात एकाच क्रँकशाफ्टवर बसवल्या की होतं डब्ल्यू१२. बारा सिलिंडर, पण लांबी साधारण व्ही८ एवढी. लांबी वाचली म्हणून चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा बसवायला आणि मागे दोन माणसांना बसवायला जागा उरली. सहा लिटर, दोन टर्बो, ५६० अश्वशक्ती, ताशी ३१८ किलोमीटर. किंमत १,१०,००० पौंड.

आणि वजन? २,३८५ किलो. ओल्गाच्या माणसांनी ज्या हिशेबाला मान दिला होता, त्याच्यावर चाळीस टक्क्यांच्या आसपास चढ. हे शक्य झालं कारण दरम्यान टायर बदलले होते. रेडियल टायरमध्ये बाजूची भिंत लवचीक आणि जमिनीला टेकणारा पट्टा पोलादी तारांनी ताठ असतो, त्यामुळे तो कमी वाकतो आणि कमी तापतो. कुलूप निघालं आणि दार सताड उघडलं.

पण भौतिकशास्त्राने आपली वसुली दुसरीकडून केली. पूर्ण वेगात धावणाऱ्या या जीटीत साठलेली ऊर्जा, ओल्गा माँलेरीला धावत होती तेव्हाच्या ऊर्जेच्या जवळजवळ चार पट भरते. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जिरवायची. म्हणून पुढच्या ब्रेकच्या चकत्या ४०५ मिलिमीटर व्यासाच्या झाल्या. सस्पेन्शनमध्ये हवेचे फुगे आले, ते वेग वाढला की गाडी खाली बसवतात. मागे आपोआप वर येणारी पट्टी आली. जे काम ओल्गामध्ये नुसत्या आकाराने आणि काटकसरीने केलं होतं, त्यासाठी आता संगणक, पंप आणि झडपा लागल्या. तरीही जीटी चालली, आणि खूप चालली. २००३ मध्ये बेंटली वर्षाला सुमारे हजार गाड्या बनवत होती, २००७ मध्ये हा आकडा दहा हजारांवर गेला. जीटी नसती तर क्रूचा कारखाना आज कुणाच्या हातात असता, हे सांगणं कठीण आहे.

वजनाशी झगडा त्यानंतर पुन्हा सुरू झाला. २०११ च्या गाडीत पुढची मडगार्डं नव्या पद्धतीने घडवली. ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा आणि हवेच्या दाबाने साच्यात बसवायचा. साध्या ठोकणीने फाटला असता असा तीक्ष्ण वळणाचा आकार त्यातून एकसंध निघतो. तिसऱ्या पिढीत पाया पोर्शेच्या पॅनामेराशी जोडलेला होता. पुढचा ॲक्सल १३५ मिलिमीटर पुढे नेला, म्हणजे जड इंजिनाचा भार नाकावर कमी येऊ लागला. वजनही २,२५० किलोंच्या खाली आलं. मला ही पिढी सगळ्यात समतोल वाटते.

मग २०२४ मध्ये डब्ल्यू१२ थांबलं. क्रूमध्ये अशी एक लाखाहून अधिक इंजिनं हाताने जोडली गेली होती. नव्या कॉन्टिनेंटल जीटी स्पीडमध्ये चार लिटरचं व्ही८ आणि विजेची मोटर आहे, दोन्ही मिळून ७८२ अश्वशक्ती. २५.९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर ती पेट्रोलचा थेंब न जाळता ८१ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पहाटे गल्लीतून आवाज न करता निघायचं आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर इंजिन जागं करायचं, ही सोय लांबच्या प्रवासाच्या गाडीला खरंच शोभते. पण वजन पुन्हा २,४०० किलोंच्या वर गेलं आहे, आणि बॅटरी मागच्या ॲक्सलच्या मागे बसवल्यामुळे डिकी आधीपेक्षा लहान झाली आहे. भार पुढे-मागे नीट वाटला जावा म्हणून बॅटरी तिथे ठेवली, आणि वळणावर त्याचा फायदाही होतो. तरी चार माणसांचं सामान घेऊन देश ओलांडण्यासाठी जन्मलेल्या गाडीत सामानाची जागा कापली जावी, हे मला पटत नाही. पुढच्या पिढीत बॅटरी लहान आणि हलकी झाली, तर सर्वांत आधी ती जागा परत मिळायला हवी.